मेमोला द्यावे तसे उत्तर

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. पूर्व दिल्लीतल्या एका ठाण्यात मी तपास अधिकारी होतो. सकाळी खबर आली की मयूर विहारच्या वळणावर मोटारीने ई-रिक्षाला धडक दिली असून रिक्षावाल्याचा पाय मोडला आहे. खबर देणारा ठाम होता. "गाडी में फोन चल रहा था, मैंने खुद देखा."

मोटार चालवणारे गृहस्थ मराठी, केंद्र सरकारच्या कचेरीत सेक्शन ऑफिसर. मी काही विचारण्याआधीच त्यांनी अर्ज पुढे केला: 'फोनवर बोलताना माझ्याकडून दुर्लक्ष झाले. दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही.' आयुष्यभर मेमोला उत्तरे दिलेला माणूस! माफी मागितली की फाइल बंद, असा त्यांचा हिशेब. शिक्षा झाली तर नोकरीवर गदा येईल, हे त्यांच्या गावीही नव्हते.

कॉल रेकॉर्ड मागवले. अपघाताच्या वेळी त्यांच्या फोनवर कॉल चालूच होता. माझे काम जवळजवळ संपले होते. तरी म्हणालो, "वकील करा."

"कशाला साहेब? मॅटर क्लोज करा ना."

मी हट्ट धरला, तेव्हा त्यांच्याच सोसायटीतली एक तरुण वकील आली. अर्ज वाचून तिने विचारले, "काका, गाडीत आणखी कोण होतं?"

त्यांनी अर्ज तिच्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "आई होती मागे. माझा फोन तिच्याच कानाला होता, मावशीशी बोलत होती. पण ऐंशी वर्षांची माझी आई ठाण्यात येऊन बसणार नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"अहो काका, बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवताच येत नाही. पोलिसांनीच घरी जायचं असतं," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी उगाच कागद चाळू लागलो.

संध्याकाळी महिला हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजींनी आधी चहा पाजला, मग जबाब दिला. तिथून इस्पितळात. रिक्षावाल्याला तोवर कोणी काही विचारलेच नव्हते. तो म्हणाला, "फोन तो पीछे माताजी के पास था, साहब. बिना देखे तो मैं ही मुड़ा था."

आरोप टिकला नाही. आजींनी त्या रिक्षावाल्याला महिनाभर घरचा डबा पाठवला.

बाईचा जबाब घरी जाऊन घ्यायचा, हे कलम मी नव्या शिपायांना शिकवत असे. समोर बसलेल्या घाबरलेल्या माणसाला मात्र तेवढे एक वाक्य सांगायचे मला सुचले नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणी आयती कबुली हातात दिली की मी पेन खाली ठेवायचो आणि आधी विचारायचो, "घरी कोणाला जपताय?"