चार टेकाडांचं गवत

कीवाबाईंचं माहेर ओढ्याच्या पश्चिमेला, त्सुगारूत. सासर पूर्वेला, नांबूत. अंतर सायकलवर वीस मिनिटांचं. पण चारशे वर्षांपूर्वी त्सुगारूचा सरदार नांबूच्या धन्याला झुगारून वेगळा झाला, त्याचा राग अजून लोकांच्या पोटात. पुढे जपानच्या सरकारने दोघांना एकाच आओमोरी प्रांतात कोंबलं, म्हणून काय मनं जुळली? हिवाळ्यात तिकडे छपरापर्यंत बर्फ, इकडे कोरडी थंडी. आभाळसुद्धा त्यांना एकत्र नांदू देत नव्हतं.

जुन्या हद्दीची मातीची चार टेकाडं ओढ्याकाठी अजून उभी आहेत, दोन अलीकडे, दोन पलीकडे. दर उन्हाळ्यात दोन्ही वस्त्या आपापल्या टेकाडांवरचं गवत कापायच्या आणि ओढ्याच्या काठावरचं रान तसंच सोडायच्या. "ते त्यांचं," असं दोघंही म्हणायचे. चाळीस वर्षं कीवाबाईंनी हे मुकाट पाहिलं. यंदा शाळेची सहल आली आणि त्या रानात पाय घसरून शिक्षिकाच ओढ्यात बसली, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गवत कापायचं मशीन खांद्याला लावलं. अलीकडची टेकाडं झाली, दोन्ही काठ झाले, मग त्या पलीकडच्या टेकाडावर चढल्या. तेवढ्यात त्यांचा थोरला भाऊ तोकुझो धापा टाकत आला.

"कीवा, खाली उतर! ते आमचं आहे."

"दादा, इथेच खेळून मोठी झाले मी."

"लग्न केलंस तेव्हाच नांबूची झालीस. रश्शात बिस्किटं बुडवून खाणारी माणसं ती!"

"आणि नवीन वर्षाला त्याच रश्शाच्या तीन वाट्या कोणी रिचवल्या?"

दादाने जुनं उकरून काढलं. "दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाईत तुम्ही आमची माणसं मारलीत."

"चढाई तुम्ही केली होती! आणि तेव्हा आपले पणजोबा पाळण्यात होते. सरक बाजूला, पाय कापला जाईल."

पलीकडची दोन्ही टेकाडं साफ होईपर्यंत तो हात मागे बांधून उभा राहिला. मग म्हणाला, "फारच बारीक कापलंस. माती दिसतेय."

पुढच्या रविवारी त्सुगारूकर ठरल्या वेळी आले आणि त्या बोडक्या टेकाडांवर तासभर मशीनं फिरवून गेले. तारीख ठरली होती ना!

आठवड्याने दादाचा फोन आला. दोन्ही वस्त्यांची बैठक झाली होती, पहिल्यांदाच भांडण न होता.

"काय ठरलं?"

"ओढ्याचा काठ दरवर्षी तूच कापायचास. तू दोन्हीकडची ना!"

कीवाबाईंनी फोन आपटला. तासभर धुसफुसत भांडी घासली, आणि मग शेडमध्ये जाऊन मशीनचं पातं काढून धार लावायला बसल्या.