टाकीत हात कोणाचा?

विषारी मासा विकायच्या आधी गुलाबभाऊ गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन स्वयंपाकघर पाहायचे. काचेची टाकी हॉलमध्ये जिथं ठेवणार तिथं नुसती नजर टाकायची आणि सरळ आत. गॅस कुठं आहे, मोठं पातेलं हाताशी आहे का, घरात रांगतं लेकरू आहे का. लोक हसायचे. "भाऊ, मासा देऊन राहिले का पोरगी?" भाऊ म्हणायचे, "पोरगी देतानी तरी एवढं कोण पायते जी?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी ऐकू येईनासंच झालं. आता मात्र येतं.

माझी त्यांची पहिली भेट अशाच एका स्वयंपाकघरात झाली. मी देवगडकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढं काही वर्षांनी ओळखीच्या एका कुटुंबाची नागपूरला बदली झाली आणि त्यांनी मला घरकामाला सोबत आणलं. समुद्र नाही, ओळखीचं माणूस नाही, 'काहून' म्हणजे 'का' हे कळायलाच कितीतरी दिवस गेले. मी तेव्हा प्रत्येक गोष्टीला भ्यायचे. दारावरची बेल वाजली तरी हातातलं भांडं सुटायचं.

त्या घरच्या साहेबांना लायनफिश हवा होता. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, पंख पसरले की वाऱ्यावर पदर सोडल्यासारखा दिसतो, आणि पाठीवरच्या एकेका काट्यात विष. भाऊ आले ते पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, काखेत गरम पाण्याचा स्टीलचा थर्मास दाबून. आल्या आल्या विचारलं, "टाकीत हात कोणाचा जाणार?"

"म्हणजे?"

"काच पुसायले, घाण काढायले. हात कोणाचा?"

"माझाच. माझा छंद आहे तो," साहेब म्हणाले.

भाऊंनी मान डोलावली आणि ओट्याकडे वळले. मी भांडी घासत होते. "तू सांग वं पोरी. या घरातल्या काचा कोण पुसते?"

मी साहेबांकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हटलं, "मीच."

"मंग सायेबाले सांगून काय फायदा," असं म्हणून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. त्या घरात मी खुर्चीवर बसले ती तेवढीच. स्वतः स्टुलावर बसले आणि समजावू लागले. काटा लागला तर बर्फ लावायचा नाही, हळद नाही, चुना नाही. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायचा आणि तसाच दवाखाना गाठायचा. "अन् पाणी कोपरानं पायजो. लेकराच्या आंघोळीचं पायतेत ना, तसं. दुखून राहिलेल्या हाताले गरम-थंड काही समजत नाही."

ऐकता ऐकता मला रडू फुटलं. आमच्याकडं जाळ्यात पाकट यायचं, थाळीसारखं चपटं, शेपटीला काटा. माझ्या काकाला एकदा तो लागला होता. होडी किनाऱ्याला लागायच्या आधी त्याचं ओरडणं आम्हाला ऐकू आलं होतं. ते सगळं डोळ्यापुढं आलं. भाऊ उठले. "सायेब, मासा देत नाही मी."

"का? पैसे देतोय ना!"

"हिचे हात कापून राहिले. कापत्या हातानं मासा भेते, अन् भ्यालेला मासा काटा मारते."

साहेबांना तो अपमान वाटला आणि राग माझ्यावर निघाला. काही दिवसांतच मला सांगण्यात आलं की गावाला जा. गावाला कोणत्या तोंडानं जाणार? पिशवी घेऊन विचारत विचारत मी सक्करदऱ्याला भाऊंच्या दुकानात पोचले. ते तर्री-पोहे खात होते. त्यांनी मला पाहिलं, पिशवी पाहिली.

"तुहं काम माह्यानं गेलं काय?"

मी मान डोलावली.

"मंग बस. पोहे खा. तर्री कमी घेजो, तुले नाही झेपायची."

एवढ्यावर मला काम मिळालं, आणि दुकानावरच्या त्यांच्या घरात राहायला जागाही. भाऊंच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी शुभा. शुभा माझ्याच वयाची. तिनं आपल्या खोलीत माझ्यासाठी गादी टाकली आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "मले ताई म्हणशील तर झोपू देणार नाही."

दुकान म्हणजे लांबोळकी, ओलसर, अंधारी जागा. पुढं गोल्डफिश, गप्पी, एंजल, लोकांच्या सवयीचे मासे. मागच्या भागात विषारी मासे, कुलूप लावलेल्या झाकणांच्या टाक्यांमध्ये. तिथलं समुद्राचं पाणी भाऊ गोणीतलं मीठ मोजून बनवायचे. पहिल्यांदा मदत करताना मी कुणाचं लक्ष नाही असं पाहून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. घरची चव आली. भाऊंनी पाहिलंच होतं. म्हणाले, "जमलं काय? तूच सांग बापा, मी काही समुद्र पायला नाही अजून." तेव्हापासून मीठ टाकलं की ते मला चव घ्यायला बोलवायचे. यंत्र होतं त्यांच्याकडं मीठ मोजायचं, तरी बोलवायचे. मला बरं वाटावं म्हणून, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

मे महिन्यात आमची धावपळ असायची. बाहेर पाखरं मरून पडतील असं ऊन, त्यात लाइट गेली की पाणी तापायचं. बाटल्यांमध्ये पाणी भरून ते गोठवायचं आणि बाटल्या टाक्यांमध्ये सोडायच्या. स्वतःच्या डोक्यावर ओला दुपट्टा आणि लायनफिशला बर्फ! शुभा म्हणायची, "बाबा, आमच्यासाठी पण एक टाकी करा ना." भाऊ गंभीरपणे सांगायचे, "तुमचं जमते. तुम्ही बोंबलू शकता. ते पाव्हणे आहेत." विषारी माशाला 'पाळीव' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "पाळीव कायचा? पाव्हणा आहे तो. पाव्हण्याच्या अंगाले हात लावते काय कोणी?"

एकदा मोटारसायकलवरून एक तरणाबांड गडी आला. दंडावर गोंदलेलं, गळ्यात साखळी. त्याला मोबाइलवर पाहिलेला निळ्या गोलांचा ऑक्टोपस हवा होता. "डेंजरस पाहिजे, भाऊ. एकदम डेंजरस."

"त्याच्या विषावर औषध नाही," भाऊ म्हणाले. "ज्याच्यावर औषध नाही ते माह्या दुकानात नाही. घरी कोण कोण असते?"

"आई असते."

"मंग डेंजरस तर आहेच ना गा घरी."

तो गडी इतका हसला की जाताना गप्पींची जोडी घेऊन गेला, आईसाठी.

शुभाचे हात मात्र सांगण्यासारखे होते. पाण्यात जाळी घालायची तर तरंग उठायचा नाही. पाकटाचं पिल्लू वाळूत अंग पुरून बसतं, नुसते डोळे दिसतात. तिला ते दारातून दिसायचं. गोड्या पाण्यातल्या त्या माशाला दुकानात इंग्रजी नाव होतं, पण मी पाकट म्हणते हे ऐकून बापलेकही पाकटच म्हणायला लागली होती. तिला वेणी घालायची असली की हात पुसत पुसत माझ्याकडं यायची. "तू घाल. माह्या हाताले माशाचा वास येते." माझ्याही यायचा. दोघी हसायचो.

तिचं लग्न ठरलं तेव्हा ती बापाला चिडवायची, "स्थळ पायले जासान तेव्हा थर्मास न्याजा." भाऊ गेले आणि हात जोडून हॉलमध्ये बसून परत आले.

"स्वयंपाकघर नाही पायलं?" शुभानं विचारलं.

"आज मी पोरीचा बाप होतो वं. दुकानदार नव्हतो."

सासर खाऊन-पिऊन सुखी. सासरे हौशी, चारचौघांत मिरवायची आवड. त्यांनी बेसा रोडला नवीन घर बांधलं आणि भाऊंना फोन केला. "गुलाबरावजी, ते तुमचं काट्यावालं थाळीसारखं असते ना, ते पाहिजे बुवा हॉलमध्ये. आमच्या ऑफिसच्या लोकांनी पाहिलंच नाही कधी."

भाऊंनी 'हो जी, हो जी' केलं आणि फोन ठेवून मागं पाकटाच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

मासा पाठवायच्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. थर्मास भरला. पायात चप्पल घातली. मग स्टुलावर बसले. परत उठले, परत बसले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"जा ना भाऊ," मी म्हटलं.

"जाऊन काय म्हणू? व्याहीबुवा, चूल दाखवा? टाकीत हात कोणाचा जाणार ते सांगा?"

"सगळ्यांना विचारता."

"सगळ्यांच्या घरी माही पोरगी नांदून राहिली काय?" ते एकदम चिडले, मग आवाज खाली आला. "बाप असे सवाल करत नाही पोरगी दिली त्या घरी. उद्या तिलेच ऐकवतीन, तुहा बाप आमचं घर तपासायले आला होता म्हणून."

"निदान शुभाला फोन करा."

"तिले काय सांगाचं? तिनंच तर वाढवला हा मासा."

टेम्पो गेला. भाऊंनी थर्मासमधलं पाणी मोरीत ओतलं.

पुढचं मला दवाखान्यात शुभानंच सांगितलं, तुटक तुटक. सासऱ्यांच्या ऑफिसची मंडळी मासा पाहायला आली होती. पाकट वाळूत दडून बसलं होतं. सासरे म्हणाले, सूनबाई, काढ बरं त्याला बाहेर. तिनं जाळी शोधली. सासरे हसत पाहुण्यांना म्हणाले, "हिला जाळी कशाला? गुलाबरावजींची पोरगी आहे." माहेरचं नाव निघालं. सगळे पाहत होते. तिनं हात घातला.

ती ओरडली नाही. हाताला ओढणी गुंडाळून स्वयंपाकघरात गेली. दोन्ही शेगड्या अडलेल्या, एकीवर भजी, एकीवर चहा. तिनं सासूला म्हटलं, थोडं पाणी तापवू का? सासू म्हणाली, आधी पाहुण्यांचं होऊ दे. आणि शुभानं त्या हातानं बशा भरल्या. आपल्या बापाच्या माशानं चारचौघांत काटा मारला, असं तिला कुणाला म्हणू द्यायचं नव्हतं. पाहुणे गेल्यावर तिनं ओढणी सोडली तेव्हा हात ओळखू येत नव्हता. आतून सडतच गेला. डॉक्टरांनी खूप केलं. दोन बोटं काढावी लागली, बाकीची वळेनाशी झाली. उजवा हात.

भाऊ रोज दवाखान्यात जाऊन तिच्या पायाशी बसायचे. चेहऱ्याकडे पाहायचे नाहीत. सवयीनं थर्मास बरोबर असायचा. पहिल्या दिवशी ती हळूच म्हणाली, "बाबा, आता कायले आणलं ते?" दुसऱ्या दिवशीही थर्मास घेऊनच आले.

व्याह्यांनी मासा बादलीत घालून परत पाठवला. टेम्पोवाला म्हणाला, "मारून टाका भाऊ याले." भाऊंनी तो अलगद जुन्या टाकीत सोडला. "त्याची काय चूक? तो आपल्या जागी होता. मीच माह्या जागी नव्हतो."

त्यानंतर त्यांनी विषारी मासे विकायचे थांबवले. होते ते मागच्या टाक्यांमध्ये म्हातारे होत राहिले. पण तो प्रश्न मात्र त्यांचा सुटेना. गोल्डफिश घ्यायला आलेल्या लोकांनाही विचारायचे, "टाकीत हात कोणाचा जाणार?" लोक बुचकळ्यात पडायचे, काही निघून जायचे. मीठ टाकलं तरी चव घ्यायला मला बोलवेनासे झाले. मी आपणहून बोट बुडवून म्हणायचे, "जमलंय भाऊ." ते म्हणायचे, "हाव."

सकाळी उठून थर्मास भरणं तेवढं चुकलं नाही. कुठंही जायचं नसलं तरी.

दिवाळी जवळ आली होती. मी चहा घेऊन मागं गेले. भाऊ पाकटाच्या टाकीसमोर स्टुलावर बसले होते, कपाळ काचेला टेकलेलं. मला वाटलं, मासा पाहत आहेत. मी चहा ठेवला, तो निवू लागला, तरी ते वळले नाहीत. आत पाकट काचेच्या कडेनं फिरत होतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मला कळलं.

दुपारी त्यांना नेलं. सासरची मंडळी आली होती, हात जोडून उभी होती, सासरे खरंच रडत होते. सगळे घाटावर गेल्यावर शुभा जिना उतरून दुकानात आली. मी टाक्यांना हवा नीट जाते आहे का ते पाहत होते. माणूस गेलं तरी ते पाहावं लागतंच. ती भाऊंच्या स्टुलावर बसली. थर्मास तिथंच होता, सकाळी भरलेला. तिनं तो मांड्यांमध्ये धरला, डाव्या हातानं झाकण उघडलं, थोडं पाणी झाकणात ओतलं आणि कोपर बुडवून पाहिलं.

"गरम आहे अजून," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मासा आला ना माह्या घरी, त्या दिवशी मी गॅसवर पाणी ठेवलं होतं. सासूबाई म्हणे, कायचं पाणी? मी म्हणलं, चहाचं. मले वाटलं, बाबा येतीन. साऱ्या गावाच्या घरी जातेत, माह्या घरी नाही येतीन काय? येऊन आधी स्वयंपाकघरातच घुसतीन, म्हणून ओटा पण पुसून ठेवला होता. पाणी उकळून उकळून आटून गेलं. मंग टेम्पो थांबल्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून पायलं, तर टेम्पोवाला एकटाच उतरला."

झाकणातलं पाणी तिनं परत थर्मासमध्ये ओतलं. सवयीनं उजव्या हातानं झाकण लावू लागली, पण ते फिरेना. मी फिरवून दिलं.