डब्याचं झाकण

कोळशाचा खडा पाण्याच्या पेल्यात टाकायचा आणि पेल्याला कान लावायचा, ही शेजारच्या मास्तरांची सवय. खडा बारीक चुरचुरायचा.

"ऐका काकी, आतली हवा बाहेर येतेय. जेवढी हवा, तेवढी आत जागा."

"मास्तर, कोळशात जागा हाय, तुमच्या खोलीत न्हाय," मी म्हणायचे.

खरं तर ते मास्तर नव्हते. म्हसळ्याकडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायचे. निवृत्त झाल्यावर दिवेआगरला आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायला आले. गावाने थट्टेने मास्तर म्हटलं, तेच राहिलं. असा एखादा तुमच्याही शेजारी असेल.

नारळाच्या करवंट्या आम्ही बंबात घालतो. मास्तर त्या मागून आणत, बंद पिंपात जाळत आणि लाल कोळशावर वाफ सोडत. त्याने कोळशाला न दिसणारी भोकं पडतात म्हणे, आणि कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यांत अडकतो. "धरलेलं तो खाऊन टाकत नाही, काकी. तापवला की परत देतो."

सुपारी सोलणाऱ्या बायका विचारायच्या, "मास्तर, आज किती पोती हवा धरली?"

"तुमची बडबड धरायला पोतंच पुरेना," ते म्हणायचे.

मग मुंबईच्या एका प्रयोगशाळेने त्यांचा कोळसा तपासायचं कबूल केलं. एकदाच. "जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या धुतल्या," ते म्हणाले, "एकदा माझं काहीतरी नळीत जाऊ दे."

पावसाचे दिवस. मागच्या वादळापासून त्यांचं छप्पर गळायचं, म्हणून तपासायच्या कोळशाचा डबा माझ्याकडे दिला. "कोरडा ठेवा. झाकण उघडू नका."

आमच्या घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे चुलीवरचा माळा. पावसाळ्याचे सुके बोंबील तिथेच असतात. मी डबा तिथे ठेवला आणि ऊब आत जावी म्हणून झाकण काढलं. बंद डब्याला घाम येतो, एवढं चौथी शिकलेलीलाही कळतं. मास्तर न्यायला आले तेव्हा झाकण लावून दिला.

मुंबईहून कागद आला. कोळसा जवळजवळ काहीच धरत नाही.

त्यांनी तो दोनदा वाचला. "काकी, डबा उघडला होता का?"

"न्हाय." उगाच बोलणी कशाला खायची, म्हणून म्हटलं.

"मग माझीच वाफ कमी पडली."

त्यांनी पिंप पालथं घातलं. त्या डब्यात उरलेला कोळसा मला दिला, बंबात घाला म्हणून. पुन्हा पेल्याला कान लावताना दिसले नाहीत. थंडीत छातीत दुखलं आणि गेले.

त्यानंतर एकदा करवंट्या संपल्या, म्हणून तो कोळसा बंबात ओतला. हातात होता तोवर वास कसलाच नव्हता. तापला, आणि न्हाणीघरभर बोंबलाचा वास सुटला. घरात तेव्हा मासळीचा तुकडा नव्हता.

पाणी उकळत राहिलं. मी अंघोळ केली नाही.

शेजारच्या खोलीला कुलूप होतं. तरी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "मास्तर, डबा मी उघडला होता."