हाताबाहेरचं बटण

पक्कड हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तान्ही असताना वडिलांचं बोट एकदा धरलं की काही केल्या सोडायची नाही, म्हणून त्यांनीच ते ठेवलं. चाळिशी जवळ आली तरी घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. दुकानात मात्र ती ताई होती आणि वडील मास्तर. ड्रिल, ग्राइंडर, मिक्सर, पाण्याचे पंप, ज्याच्यात म्हणून मोटर फिरते ते सगळं मास्तरांकडे यायचं. जळालेल्या मोटरीची काळी पडलेली तार उलगडून काढायची आणि नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांनी, तितक्याच ताणाने पुन्हा भरायची, हे त्यांचं मुख्य काम. त्याला वायंडिंग म्हणतात.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मागे घराचा दरवाजा, मध्ये लाकडी बाक आणि बाकावर वस्तू आवळून धरणारा वाइस. खिडकी नाही. वार्निशचा वास भिंतींत मुरलेला आणि तिच्या केसांतही. शाळा संपल्यावर ती हातभार म्हणून तिथे बसली ती बसलीच. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलाकडच्यांना तारेने चिरलेली बोटं आवडली नाहीत, किंवा तिलाच ती माणसं आवडली नाहीत. घरात दोन्ही गोष्टी सांगितल्या जायच्या, ऐकणारा कोण आहे ते बघून.

मग एका दुपारी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मास्तरांचं तोंड वाकडं झालं आणि ते स्टुलावरून घसरले. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय हळूहळू ताळ्यावर आला. वाचाही परत आली. "परत आली ती दुप्पट होऊन," आई म्हणायची. फक्त उजवा हात आला नाही. मूठ कशीबशी मिटायची, पण तर्जनी काही ऐकायची नाही. ड्रिल हातात धरून ट्रिगर दाबायचा म्हटलं की बोट नुसतं त्याच्यावर पडून राहायचं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

तेव्हापासून ते दिवसभर तिच्या समोर स्टुलावर बसायला लागले. करायला काही नाही, म्हणून तिच्या हातांकडे बघत राहायचे.

"ताण ढिला पडलाय."

"नाही बाबा."

"मला इथून दिसतंय. काढ ते."

ती काढायची. पुन्हा भरायची. कधी ताण खरंच ढिला असायचा, कधी नसायचा. पाणी प्यायला उठली तरी "कुठे चाललीस?" हे ठरलेलं. ती खोली तिला आधी कधी अरुंद वाटली नव्हती. आता बाक आणि भिंत यांच्यामधून जाताना ती श्वास आत ओढून घ्यायची, जागा पुरेशी असली तरी.

सुटे भाग विकायला येणारा एक कंपनीवाला होता. तो एकदा म्हणाला, "ताई, आमच्या कारखान्यात मशीन तपासायच्या खोलीत एक जागा निघालीय. तुमच्यासारखं माणूस शोधतायत. राहायची सोय आहे. महिनाअखेरीपर्यंत सांगा."

कारखाना दुसऱ्या शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिने हे फक्त आईला सांगितलं, पण त्या घरात दोन खोल्यांमधलं दार कधी नीट लागतच नसे. जेवताना मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "जा की. तुला काय कुणी बांधून ठेवलंय?"

ते मनापासून म्हणाले की टोमणा मारला, हे तिला कळेना. बांधलं असतं तर सोडवायला गाठ तरी सापडली असती.

दोन दिवस तिने विचार केला. मग तिच्या डोक्यात आलं की बाबांना ड्रिल चालवता आलं तर निम्मं काम ते स्वतः करतील. मशीनची आवरणं उघडतील, भोकं पाडतील, गंज घासतील. मग दुकान त्यांच्यावर सोडून जाता येईल. त्यासाठी बोटाने दाबायचं बटण नको, दुसरं हवं. आणि ते बाहेरून बसवायचं. मशीनचं आवरण कापून आत ढवळाढवळ केली की शॉक बसायची भीती, आणि असं करणाऱ्याला मास्तर दुकानात पाय ठेवू देत नसत.

पहिल्यांदा तिने आईच्या शिलाई मशीनचं पेडल जोडलं. ड्रिलचा ट्रिगर पट्ट्याने दाबून पक्का केला आणि वीज पेडलमधून नेली. पाय दाबला की ड्रिल सुरू. मास्तरांनी एक भोक पाडलं, मान हलवली. मग बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, बदलायला ते वाकले, काठी घसरली, सावरताना पाय पेडलवर पडला आणि बिट आवळणाऱ्या चकात अडकवलेली चावी गर्रकन फिरून भिंतीवर आदळली.

"माझा डोळा गेला असता," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. पेडल आईकडे परत गेलं.

दुसऱ्यांदा तिने पत्र्याची एक वाकडी पट्टी केली. ड्रिलच्या मुठीच्या पुढच्या बाजूने ती खाली यायची आणि बिजागरीवर हलायची. तर्जनी नको, अख्ख्या मुठीने दाबलं की पट्टी ट्रिगर आत ढकलायची. मूठ तर मिटत होती. तिने फळी वाइसमध्ये पकडली आणि बाजूला उभी राहिली. ड्रिल घुमलं. भुसा उडाला. मास्तरांच्या चेहऱ्यावर झटका आल्यापासून न दिसलेलं काहीतरी आलं. आईसुद्धा हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

बिट फळीतून आरपार गेलं तरी ड्रिल थांबेना. पलीकडे बिट अडकलं आणि अख्खं मशीन त्यांच्या मनगटासकट पिळायला लागलं.

"सोडा बाबा! सोडा!"

"सुटत नाही!" ते ओरडले. "अगं, सुटत नाही!"

तिने वायर हिसकून प्लग उपटला. मशीन थांबलं तरी मूठ तशीच आवळलेली. जोर लावला की तो हात आपोआप घट्ट मिटायचा आणि मग मालकाचंही ऐकायचा नाही, हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिने ती बोटं एकेक करून उकलली. मनगट सुजलं, त्यापलीकडे काही झालं नाही. आईने गरम पाण्याचा शेक दिला.

पण त्या दिवशी तिला एक गोष्ट नीट समजली. चालू करणं सोपं असतं. जे सोडल्यावर बंद पडतं तेच बटण, आणि बाबांचा तो हात सोडू शकत नाही. म्हणजे बटण त्या हातात द्यायचंच नाही.

ड्रिलच्या पुढच्या बाजूला आधाराचा दांडा असतो, डाव्या हाताने धरायचा. सायकल दुरुस्तीवाल्याकडून तिने जुना ब्रेक आणला आणि त्याचा खटका त्या दांड्यावर बसवला. त्याची केबल मागे नेली आणि ट्रिगरवर बसणाऱ्या एका छोट्या तरफेला जोडली. सगळं दोन कड्यांनी बाहेरून आवळलेलं, मशीनला एक ओरखडा नाही. डाव्या, धड हाताने खटका ओढला की ड्रिल चालू. सोडला की स्प्रिंग केबल मागे खेचणार आणि ड्रिल जागच्या जागी थांबणार. उजव्या हाताने नुसतं मागून रेटायचं. तिने स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ओढलं, सोडलं. चुकेना.

मास्तरांनी करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "खटका जड आहे."

तिने हलकी स्प्रिंग घातली.

"आता फारच हलका झाला. नुसता हात लागला तरी चालू होईल."

तिने मधली घातली. मग केबल कोपराला लागते. केबल वरून नेली. मग दांड्याचा कोन चुकलाय. कोन बदलला. मग ते म्हणाले, "तसं ठीक आहे गं, पण भरवसा वाटत नाही."

पेडलच्या वेळी ते बरोबर होते, पट्टीच्या वेळीही तेच बरोबर ठरले. त्यामुळे या वेळी खोड खरी की काढलेली, हे ठरवायला तिच्याकडे काही उपायच नव्हता. ती पुन्हा पाना हातात घ्यायची. कंपनीवाल्याचा फोन आला, "ताई, काय ठरलं?" ती म्हणाली, "थोडं काम उरलंय." पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. तिने तेच सांगितलं. महिना संपला.

त्यानंतरच्या एका सकाळी ती तार आणायला गेली होती. परत आली तेव्हा आई मागच्या ओट्यावर भाजी निवडत होती. आईने मान वर न करता विचारलं, "अजून काय बिघडलंय त्या ब्रेकचं?"

"भरवसा वाटत नाही म्हणतात."

आईने एक देठ मोडलं. मग म्हणाली, "तू बाहेर गेलीस की वाजतं ते. मी ऐकते. आज शेजारच्यांच्या पाटाला चार पाय बसवून दिले त्यांनी. मला म्हणाले, हिला सांगू नकोस."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"आता सांगितलं ना." आईचे हात थांबले. "पोरी, मलाही तू इथे असलेली बरी वाटतेस. खोटं कशाला बोलू?"

ती दुकानात गेली. मास्तर स्टुलावर बसले होते. बाहीवर लाकडाचा भुसा होता.

"बाबा, ते चालतं."

त्यांनी भुशाकडे पाहिलं, झटकला नाही. "चालतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चांगलं केलंयस. मलाही सुचलं नसतं."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं, आणि ते ऐकून तिला रडू आलं नाही, राग आला. "मग का नाही सांगितलंत? जागा गेली माझी."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," ते म्हणाले. "आणि मग? मी भोकं पाडीन गं. पण भोकं पाडून दुकान चालतं का? तार कोण भरणार? हा हात?" त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून बाकावर ठेवला. "हे तुला ठाऊक नव्हतं? तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस."

तिला ठाऊक होतं. अगदी पेडल जोडतानाच ठाऊक होतं. वायंडिंगला दोन्ही हातांची दहाही बोटं लागतात, त्याला बाहेरून बसवायचं बटण नाही. तरी ती स्प्रिंगा बदलत राहिली होती, आणि ते खोड काढत राहिले होते, आणि दोघांनी मिळून महिना घालवला होता. तिचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

तिने कंपनीवाल्याला फोन लावला. जागा भरली होती. "पुढची निघाली की कळवतो," तो म्हणाला, "पण ताई, कधी निघेल सांगता येत नाही." फोन ठेवता ठेवता तिने त्याला ब्रेकच्या खटक्याबद्दल सांगितलं. त्याने तो पाहायला मागितला आणि काही दिवसांनी कारखान्यातून बोलावणंच आलं, एक दिवस येऊन दाखवून जा म्हणून.

ती पहाटेच्या बसने गेली. तिथल्या इंजिनियर बाईंनी खटका ओढून पाहिला, केबल तुटली तर काय होईल ते विचारलं. केबल तुटली तर ड्रिल बंदच पडतं, हे पाहून त्या खूश झाल्या. मात्र केबल गंजून अडकली तर काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिला उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरी स्प्रिंग ट्रिगरच्याच बाजूला घालायला सुचवलं. ते तिला पटलं. मग त्यांनी तपासायची खोली दाखवली. रांगेने मशीनं लावलेली, यंत्राची बोटं त्यांचे ट्रिगर दाबत आणि सोडत होती. खोली स्वच्छ होती, मोठी होती. वार्निशचा वास नव्हता. तिने पुढच्या जागेसाठी नाव देऊन ठेवलं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा मास्तर दुकानातच बसले होते. दुकान दिवसभर बंद होतं. शटर एका हाताने वर जात नाही, आणि आईच्या पाठीला ते झेपत नाही.

"कशी आहे खोली?" त्यांनी विचारलं.

"मोठी आहे. खिडक्या आहेत, पण फार उंचावर."

"नाव दिलंस?"

"दिलं."

त्यांनी शटरकडे पाहिलं. मग म्हणाले, "वायंडिंगची कामं पलीकडच्या गल्लीतल्या त्या गड्याकडे धाडता येतील."

"त्याच्याकडे? तुम्हीच म्हणता, तो तार नाही भरत, कोंबतो."

"कोंबतोच. सांगू आपण त्याला नीट भरायला." आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "या शटरला मोटर बसेल का बघ. बटण खाली, डाव्या बाजूला."

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शटरची रुंदी मोजली. योग्य ताकदीची एक जुनी मोटर मागे पडलेली होती, ती तिने उघडून स्वच्छ केली आणि तिची तारही नवी भरली. मास्तर आता सकाळी ब्रेकवाल्या ड्रिलवर उघडपणे काम करतात आणि गिऱ्हाइकांना खटका ओढून दाखवतात. मोटर बाकाखाली तयार आहे. ती आवळायच्या कड्यांच्या जागा खडूने आखून झाल्या आहेत. आई अधूनमधून विचारते, कधी लावणार? ती म्हणते, या आठवड्यात. कारखान्यातून अजून फोन आलेला नाही, आणि शटर रोज सकाळी तीच वर करते.