काच तिरपी धरून

देविदासभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हात पसरून बसले होते. अकोल्याच्या एमआयडीसीतली आमची डाळमिल. सकाळची पाळी, चाळण्या धडधडतायत, वरून भुसा झिरपतोय, आणि हा साठी ओलांडलेला माणूस जुन्या सॉर्टर मशीनसमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तळहात पुढे करून बसलेला. मधेच हात उलटा करायचे, मधेच बोटं मिटून पुन्हा उघडायचे. पायाशी एक काळी पिशवी होती, तिची चेनसुद्धा त्यांनी उघडली नव्हती. पलीकडे आम्ही दहा-बारा बाया सुपात डाळ निवडत होतो. "मशीनले भीक मागून राह्यला का व हा?" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. भाऊंना ते ऐकू गेलं. मान न वळवता ते म्हणाले, "हाव, उजीड मागून राह्यलो. तुमच्यापाशी असन तं द्या."

ते अमरावतीहून आले होते. तिथल्या एका लहानशा वर्कशॉपचं काम करायचे. जुन्या मशीनवर नवा कॅमेरा आणि दिवे बसवायचे, म्हणजे घसरणीवरून डाळ खाली पडताना कॅमेरा एकेक दाणा बघणार, आणि काळा, किडका दाणा आला की हवेची फुंकर त्याला बाजूला उडवणार. असं काम करायला आलेला माणूस कॅमेरा काढायचं सोडून दिवसभर हातच बघत बसला. अकरा वाजता बसले, जेवून आल्यावर बसले, चार वाजता पुन्हा बसले. चारच्या सुमाराला मी रोजच्यासारखं माझं सूप उचललं आणि दोन हात डावीकडे सरकले. त्यांनी लगेच विचारलं, "काऊन सरकली व?"

मी घाबरले. माझं गाव चंदगडकडचं. नवऱ्याला इथं बॉयलरवर काम मिळालं म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. वऱ्हाडी बोलणं अजून माझ्या अंगवळणी पडलं नव्हतं, आणि कुणी साधं काही विचारलं तरी रागावल्यासारखं वाटायचं. मी चाचरत सांगितलं, "पत्र्यात ती पांढरी शीट आहे ना, तिच्यातनं चार वाजता ऊन इथं येतं. डाळ चमकते, खडा दिसत नाही."

भाऊ उठले, वर बघितलं, माझ्या जागेवर येऊन स्वतःचा तळहात पुढे धरला आणि त्याच्यावर ऊन कसं पडतं ते पाहिलं. मग सरळ शेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मशीनवर हे बाई पाहिजे मले."

"मी आठवीतनं शाळा सोडली," मी म्हणाले.

"हा कॅमेरा तं शाळेतच गेला नाही," ते म्हणाले. "तुह्यापेक्षा अडाणी आहे तो. त्याले शिकवाले कोणी तरी पाहिजे."

अशी मी सुपावरून उठून स्टुलावर बसले. चार वर्षं वाकून वाकून पाठ गेली होती. माणसाला पाठ सरळ करून बसायला मिळणं म्हणजे काय असतं, ते ज्याची पाठ कधी मोडली नाही त्याला सांगून कळणार नाही.

भाऊ मूळचे नांदगाव खंडेश्वरचे. घरी भाजीपाला आणि झेंडूची वाडी. त्यांनी मात्र अमरावतीत फोटो स्टुडिओ टाकला होता. पंचवीस वर्षं लग्नं काढली. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि स्टुडिओ बंद पडला. "लोकायले आता फोटोवाला नाही पाहिजे, फक्त चार्जर पाहिजे," असं ते म्हणायचे. त्यात तक्रार नसायची. थकलेलं हसू असायचं. वर्कशॉपवाल्यांनी त्यांना आधी फक्त दिवे लावायला नेलं होतं. इंजिनीअर लोक महागडे कॅमेरे आणत आणि चित्र काही नीट येत नसे. भाऊ दिवा वीतभर सरकवत आणि चित्र नीट येई.

शिकवताना त्यांची सगळी उदाहरणं लग्नातली असत. चाळणी हलते म्हणून कॅमेरा मशीनला न जोडता त्यांनी शेजारी वेगळा ओटा बांधून त्याच्यावर स्टँड रोवला. शेठजींनी विचारलं, एवढं सिमेंट कशाला? भाऊ म्हणाले, "घोडीवर नवरदेव बसते, शेठ. फोटोवाला खालीच उभा राहते." डाळीला ते 'डाय' म्हणत. तुरीला तेलाचा हात दिलेला असतो, म्हणून दाणा चकाकतो आणि त्या चकाकीत काळा डाग लपतो. "नवरीच्या कपायावर घाम आला का तिचं कुंकूच दिसत नाही, तशी गत आहे. डायीले तं पावडर लावता येत नाही. मंग कॅमेऱ्याले गॉगल घाला." कॅमेऱ्याच्या डब्याला पुढून त्यांनी काळपट पारदर्शक तुकडा बसवला. प्लॅस्टिकचाच होता, पण आम्ही त्याला गॉगलची काच म्हणत असू. तो बसवला आणि पडद्यावरची चकाकी एकदम विझली. पत्र्यातली पांढरी शीट त्यांनी काळ्या रंगानं रंगवून घेतली.

गॉगल पुसायचा कसा, हे त्यांनी मला तीन वेळा दाखवलं. मऊ फडकं, कोरडं, एकाच दिशेनं. मग काढून खिडकीकडे धरायचा. "समोरून पाह्यशीन तं कोणतीबी काच साफच दिसते. तिरपी धर. तिच्या मनात काय आहे ते तिरपं धरल्यावर समजते."

शेठजींनी पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात काम मनासारखं झालं नाही तर डबा उचलायचा आणि बायांना पुन्हा सुपावर बसवायचं. नऊ दिवस मशीन छान चाललं. पुढे दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊंनी गावाहून झेंडूची पिशवी आणली, ओल्या कापडात गुंडाळून. "हार स्टँडच्या पायाले बांधजो. वर हात लावू नोको," एवढं सांगून ते सणाला घरी गेले. सकाळी मिलमध्ये सगळ्यांनी आपापल्या यंत्राची पूजा केली. मी हार पायालाच बांधला. पण मग त्या डब्याकडे बघत उभी राहिले. ज्याच्यामुळे माझी पाठ सरळ झाली, त्याला नुसती फुलं? त्याच्या कपाळाला काहीच नको? डब्याला कपाळ नव्हतं. काच तेवढी होती. मी ओल्या हळदीचं बोट तिच्यावर टेकवलं आणि वर कुंकू लावलं. हात जोडताना डोळ्यात पाणी आलं होतं, हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करायच्या आधी मी ते कुंकू पदरानं पुसायला गेले तर फासलं. घाबरून भांड्याची पावडर आणली आणि ओल्या घासणीनं घासलं. समोरून बघितलं. काच साफ दिसली.

मशीन चालू झालं आणि पडद्यावर धुकं. चांगली डाळ किडक्याबरोबर उडायला लागली. शेठजींनी फोन केला आणि भाऊ मिळेल त्या बसनं आले.

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भाऊंनी केबल बदलली, दिवे बदलले, भिंग काढून पुन्हा बसवलं, स्टँडला कान लावून थरथर ऐकली. पासष्टीकडे झुकलेला माणूस मशीनखाली पाठीवर सरपटत जायचा आणि भुशानं खोकत बाहेर यायचा. गॉगल त्यांनी काढून पुसला, तिरपा धरून बघितला आणि तसाच परत लावला. मला वाटलं, आता कळलंच. पण ते काहीच बोलले नाहीत. मला त्याचं नवल वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी त्यांना चहा देत होते, टॉर्च धरत होते, पाना हातात देत होते. तोंड मात्र उघडत नव्हते. आठवडाभरापूर्वी एका बाईला पंख्याचं बटण मोडलं म्हणून शेठजींनी घरी बसवलं होतं. नवऱ्याच्या बॉयलरचं काम दिवसाआड झालं होतं. मिलमधून काढलं तर चंदगडला कोणत्या तोंडानं जायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. भाऊ विचारायचे, "सणाच्या दिवशी कोणी हात तं नाही लावला नं?" मी म्हणायचे, "नाही भाऊ."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा पहिल्या दिवशीसारखे खुर्चीवर बसले. तळहात पुढे केला, उलटा केला, डोळ्याजवळ नेला. मग मुठीत मिटला आणि मांडीवर ठेवला.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "मी शेठले सांगून येतो. यंत्रात काही खोट नाही. माह्या डोयात आहे. डाव्यात दोन वर्षापासून मोतीबिंदू आहे, कोणाले सांगतलं नाही. आता उजव्यालेबी धुकं दिसून राह्यलं. मले वाटे, चालून जाईन. नाही चाललं." पिशवी उचलून ते उभे राहिले. "वर्कशॉपवाल्यायलेबी सांगतो, का आता दुसरा माणूस पाहा."

मी पिशवीचा पट्टा धरला. "भाऊ, थांबा. मी कुंकू लावलं होतं. काचेवर. हळद पण. मग घासणीनं घासलं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. चाळण्या धडधडत होत्या.

"कधी?"

"दसऱ्याला."

"अन् मी दोन दिवसापासून मशीनखाली लोळून राह्यलो."

"हो."

"तू टॉर्च धरून उभी होती."

"हो, भाऊ."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "काढ तो गॉगल." मी चार स्क्रू काढले. "तिरपी धर. काय दिसते?"

मी खिडकीकडे धरली. सगळीकडे केसासारखे चरे होते, आणि मधोमध बोटाएवढा पिवळा डाग. "चरे आहेत. आणि पिवळं."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. अशी धरली, तशी धरली, नाकाशी नेली. बराच वेळ.

"मले नाही दिसत," ते म्हणाले.

मला रडू आलं. खरं सांगून मी त्यांना सोडवलं, असं मला क्षणभर वाटलं होतं. पण खोट काचेत होती आणि त्यांच्या डोळ्यातही होती. माझ्या सांगण्यानं एवढंच ठरलं की दोन्ही खरं.

"रडू नोको व माय," ते म्हणाले. 'बाई'ची 'माय' त्यांनी तेव्हा पहिल्यांदा केली. "तू दोन दिवस लपवलं, मी दोन वर्ष लपवलं. मी तुले काय बोलू? बोलाले तोंड तं पाहिजे." मग खुर्चीवर बसले आणि पिशवीच्या तळातून पत्र्याची एक डबी काढली. तिच्यात कापसात ठेवलेली गोल काच होती. त्यांच्या लग्नाच्या कॅमेऱ्याचा गॉगल. "हा खऱ्या काचीचा आहे. आता मी कोठी लग्न काढाले चाललो?"

माप जुळत नव्हतं. त्यांनी रबराचा वॉशर कापून मधे बसवला, पण नजर त्यांनी माझी वापरली. "काय दिसते?" "अजून चमकतंय." "फिरव. आता?" "थोडं कमी." "फिरव, फिरव. घाई नोको करू." काच फिरता फिरता एका जागी दाण्यावरची चकाकी विझली आणि काळा डाग स्वच्छ पुढे आला. मी नुसतं "आलं" म्हणाले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

मग आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. भाऊंनी काहीच झाकलं नाही. "काच या बाईनं खराब केली, भक्तीनं केली. तिनंच सांगतलं. मी दोन दिवस पाह्यली, मले दिसली नाही. आता मशीन चालू आहे, येऊन पाहा. अन् यापुढं मी सांगाले येईन, पाह्याचं काम हे करन." शेठजी पाव तास बोलले. मला बोलले, त्यांना बोलले, आमच्या दसऱ्यालाही बोलले. मग बाहेर येऊन पडद्यासमोर उभे राहिले, मुठीत डाळ घेऊन बघितली आणि आत गेले. डबाही राहिला आणि मीही राहिले.

त्यानंतर भाऊ अकोल्याला कमी येत. फोनवर विचारत, "काय दिसते?" आणि मी जे दिसेल ते सांगे. हिवरखेडच्या एका मिलमध्ये कॅमेरा बसवायचा होता तेव्हा त्यांनी मलाच नेलं. खुर्चीवर या वेळी मला बसवलं. स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले आणि दर थोड्या वेळानं विचारत, "सरकला का उजीड?" डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं. उशीर झाला होता, फार फरक पडला नाही. पुढं खोकला छातीत उतरला. शेवटच्या फोनवर आवाज अगदी बारीक झाला होता. मी विचारलं, "भाऊ, कसं वाटतंय?" ते म्हणाले, "थकलो व माय. आता कोणी फोटो काढतो म्हणलं तरी उठून बसणार नाही." त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. मला कळलं तेव्हा मशीन चालू होतं, ते सोडून जाता आलं नाही.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी नांदगाव खंडेश्वरहून बसनं पिशवी आली. त्यांच्या सुनेनं पाठवली होती, तशीच ओल्या कापडात गुंडाळून. मी हार स्टँडच्या पायाला बांधला. कुंकवाचं बोट तिथंच, खाली, लोखंडाला टेकवलं. मग गॉगल काढला आणि खिडकीकडे तिरपा धरला. काही नव्हतं. पण बोटाला अजून कुंकू होतं, म्हणून नळावर जाऊन हात धुतले, कोरडे केले, परत आले आणि पुन्हा एकदा तिरपा धरला.