थोरलीची दुसरी सायकल

घरात तिला सगळे थोरली म्हणत. दोन भाऊ, दोन मजले आणि दोन जावा असं ते घर. थोरली खाली राहायची, धाकटी वर. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत खिडकीशी बसायचं, काचांच्या कडा घासायच्या आणि त्या फ्रेममध्ये अशा बसवायच्या की टिचकी मारली तरी हलू नयेत. हात तिचा बारीक कामाचा होता आणि जीभ धारेची.

कामाला ती सायकलने जायची. पुढे टोपली, मागे कॅरिअर, चेनवर पत्र्याचं कव्हर. लग्न होऊन आली त्या वर्षीच ती सायकल घेतली आणि सासूबाईंनी तेव्हा मुरडलेलं नाक मुरडलेलंच राहिलं. "बस काय बंद पडल्यात का?" हे त्यांचं वाक्य थोरलीने इतक्यांदा ऐकलं होतं, की एखाद्या दिवशी ऐकलं नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

धाकटी पोहायला शिकवायची. उंच, लांबसडक हातापायांची. पाण्यात मासोळी, पण सायकल येत नव्हती. ती थोरलीने शिकवली. सुट्टीच्या दिवशी सकाळी गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, सीट धरून मागे धावत. दम लागला की दोघी कठड्यावर बसायच्या. थोरली सांगायची, "मला एकदा सायकलने माहेरी जायचंय. डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि दादाच्या दारात जाऊन घंटी वाजवायची."

"जाऊ ना वहिनी," धाकटी म्हणायची. "दोघी जाऊ."

आणि 'दोघी जाऊ' या शब्दांवर दोन्ही जावा पोट धरून हसायच्या.

मग धाकटीने स्वतःची सायकल घेतली. स्टीलची रोड बाइक. बारीक नळ्या, खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर. पहाटे निघणाऱ्या सायकलवाल्यांच्या एका गटात ती जाऊ लागली आणि बघता बघता त्यांच्या पुढे राहू लागली. थोरलीला याचंही फारसं काही वाटलं नसतं. पण एके सकाळी ती खाली कपडे वाळत घालत असताना, वरच्या गॅलरीत सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची धाकटी बघितलीत का सायकलवर? नुसती वाऱ्यासारखी जाते!"

थोरलीच्या हातातला चिमटा मोडला. कामावर जाणारी आपण, भर उन्हात दळण-भाजी आणणारी आपण, हिला सीट धरून शिकवणारी आपण. आणि वारा कोण, तर ही!

"अगं, कौतुक केलं तर केलं," नवरा म्हणाला. "तुझं काय जातं?"

"माझं काही जात नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आलं होतं काय, जायला?"

त्या आठवड्यात तिने जाहीर केलं, की ती दुसरी सायकल घेणार. पहिली कामासाठी राहील.

सायकलवाल्याचं दुकान अरुंद आणि खोल होतं, रबराचा आणि तेलाचा वास दारापर्यंत यायचा. तिच्या उंचीला जमतील अशा स्टीलच्या दोनच सायकली त्याच्याकडे होत्या. एक हिरवी, लांब प्रवासाची. रुंद टायर, मडगार्ड, पुढेमागे सामान लावायची सोय, आणि चढासाठी इतके हलके गिअर की भिंतसुद्धा चढेल. दुसरी लाल, रोड बाइक.

"जाणार कुठे तुम्ही?" सायकलवाल्याने विचारलं. "त्यावर ठरतं. पिशव्या लावून दिवसभर जायचं तर हिरवी. सकाळी तासभर जोरात मारून घरी यायचं तर लाल."

थोरलीने हिरव्या सायकलच्या हँडलवर दोन्ही हात ठेवले. हात आपोआप सैल पडले, खांदे उतरले. डोळ्यांपुढे डोंगराचा रस्ता आला. मग तिने विचारलं, "या दोघींत जोरात कुठली?"

"लालच. पण तुम्हाला ती जरा लांब पडेल. वाकावं लागेल."

"वाकेन," थोरली म्हणाली.

लाल सायकल घेऊन ती गटात गेली. पहिल्या वळणापर्यंत ती धाकटीच्या बरोबरीने होती. दुसऱ्या वळणावर धाकटीची पाठ दिसत होती. नंतर नुसता रस्ता. धाकटी पुढे थांबून राहिली आणि हसून म्हणाली, "छान आलात की, वहिनी!" ते 'छान' थोरलीच्या नाकाला मिरचीसारखं झोंबलं. हरले ते एक वेळ चाललं असतं, पण ही मला शाबासकी देते?

ती ईर्ष्येने जात राहिली. मान आखडली, बोटांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस दुकानात घासता घासता काच निसटली आणि कडेचा टवका उडाला. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. मालक काही बोलले नाहीत, फक्त काच उजेडाकडे धरून पाहिली. थोरलीला वाटलं, बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी ती घरी आली तर जिन्याखाली एक हिरवी सायकल उभी. रुंद टायर, मडगार्ड, मागे पिशव्या. धाकटी फडक्याने ती पुसत होती.

"ही कोणाची?" थोरलीने विचारलं. उत्तर तिला दिसतच होतं.

"माझी. दुसरी," धाकटी म्हणाली. "माझ्या मापाची मागवून घेतली. आता डोंगरापलीकडे जाता येईल. तुम्ही लाल घेतलीत तेव्हा वाटलं, तुम्ही तो बेत सोडलात. मग म्हटलं, आपणच घेऊ, म्हणजे तुम्हालाही आठवण होईल."

"आठवण? तू करून देणार मला माझ्या माहेराची?" थोरलीचा आवाज चिरकला. "माहेर माझं, डोंगर माझा, आणि सायकल तुझी! आणखी काय काय हवंय तुला माझं? एकदाच सांगून टाक, बांधून देते!"

धाकटीचं फडकं हातातच राहिलं. ते तसंच घेऊन ती वर गेली. स्वयंपाकघरात शिरून थोरलीने भांडी अशी आदळली, की नवरा वर्तमानपत्र घेऊन गपचूप बाहेर सरकला.

दुसऱ्या दिवशी ती लाल सायकल घेऊन दुकानात गेली. तिच्या मापाची हिरवी विकली गेली होती. सायकलवाला तिला बघून हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

"एक जुनी आहे," तो म्हणाला. "स्टीलचीच, प्रवासाची. एका मास्तरांची होती, गुडघे गेले म्हणून देऊन गेले. रंग उडालाय, पण सांगाडा धड आहे. चाकं नवी घालून देतो, हँडल वर घेतो."

तपकिरी रंगाची, जागोजागी ओरखडे पडलेली ती सायकल थोरलीने चालवून पाहिली. ती सावकाश निघायची, पण निघाली की डगमगायची नाही. खड्डा आला तरी हाताला नुसता निरोप यायचा, धक्का नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. अशी दुसरी धाकटीला शोधूनही मिळाली नसती. लाल देऊन थोरलीने ती घेतली.

वर जाऊन तिने दार वाजवलं. "सुट्टी घे," ती म्हणाली. "माहेरी जायचंय."

"दोघी?" धाकटीने विचारलं.

"दादाने दोघींना बोलावलंय," थोरली म्हणाली. दादाला अजून कळवलेलंसुद्धा नव्हतं.

उजाडताना त्या निघाल्या. सपाटीवर दोघी बरोबर होत्या. डोंगर लागला आणि धाकटीचे लांब पाय बोलू लागले. थोरली हलक्या गिअरवर, एका लयीत, दगड ढकलावा तशी चढत राहिली. ती थांबली नाही, उतरून ढकललीही नाही. माथ्यावर पलीकडचं खोरं दिसलं तेव्हा तिला रडू आलं. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून पोटभर रडून घेतलं. धाकटी केव्हाच उतरून गेली होती.

दादाच्या दारात ती पोचली तेव्हा धाकटी ओसरीवर बसून चहा पीत होती, आणि भावजय तिला वारा घालत होती. दादा म्हणाला, "ये! कमाल आहे हिची, केव्हाची आलीय!"

थोरलीने घंटी वाजवलीच नाही. माहेरीसुद्धा ही आधी! जेवताना तिने ताटातून मान वर काढली नाही. सगळ्यांना वाटलं, दमली असेल.

परतीच्या सकाळी धाकटी झोपेत असताना ती उठली, भावजयीला खुणेने सांगितलं आणि निघाली. एकदा तरी पुढे राहायचं, बस. चढ गेला, माथा गेला, उतारावर वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. मागे कोणी नव्हतं. तिला गंमत वाटली, मग थोडी लाजही.

सपाटीवर धाकटीने तिला गाठलं. चेहरा लाल झाला होता, आणि तो नुसत्या उन्हाने नव्हता.

"सांगून तरी निघायचं, वहिनी! मी घाबरले. प्रत्येक वळणावर खाली वाकून बघत आले, पडलात की काय म्हणून!"

थोरलीने ब्रेक लावला नाही. समोर बघतच ती म्हणाली, "तुझ्या पुढे राहायचं होतं मला. एक दिवस."

धाकटी तिच्या बरोबरीने चालवत राहिली. दोन सायकलींच्या चेनचा तेवढा आवाज होता.

"मग राहा की," ती शेवटी म्हणाली. "पण मला बरोबर घेऊन राहा."

आणि ती मागे सरकली. थोरली पुढे, वारा समोरून. नदीच्या पुलापर्यंत तिने तो एकटीने अंगावर घेतला. मांड्या भरून आल्या, धाप लागली, पण हटली नाही. पूल संपल्यावर तिने हाताने खूण केली, "हं, आता तू हो पुढे."

धाकटी पुढे झाली. तिच्या पाठीआड वारा एकदम कमी झाला. थोरली बघत होती, किती सहज चालवते ही, किती ताठ बसते. पुन्हा बारीकसा हेवा टोचला. तो तिने मुकाट्याने गिळला आणि धाकटीच्या चाकाला चाक लावून घराकडे निघाली.