छाटणीचा सल्ला

नव्वदच्या दशकात मी वडगाव निंबाळकरला नोकरीला होतो. एसटीच्या थांब्यालगत, आपल्या बोरीखाली एक आबा इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. उन्हाळ्यात दिसेल त्याला अडवून सांगायचे, "बोरीला माया दावायची न्हाय. पार छाटून टाका, तवाच फळ धरतं."

आबांच्या शेजारणीनं ऐकलं आणि जड मनानं आपल्या बोरीवर करवत चालवली. आबांनी स्वतःची बोर मात्र राखली. खुर्चीवरची सावली गेली असती.

हिवाळ्यात शेजारणीची बोर फळांनी वाकली. आबांनी मला आपल्या झाडाचं एक बोर दिलं. आत अळी.

"अळी हाय म्हंजी औषध मारल्यालं न्हाय," आबा म्हणाले. "बिनघोर खा."

मग कुंपणापाशी जाऊन त्यांनी शेजारणीपुढं ओंजळ धरली. "सल्ला माजाच व्हता की!"

"आबा, ही औषध मारल्याली हायती," ती म्हणाली आणि बोरांची पाटी घेऊन घरात गेली.